आयपी दिला, रीबूट केलं, गायब

मंडळी, या वेळी आलेल्या प्रश्नांत नेटवर्क इंटरफेसचा गठ्ठा एवढा जाड निघाला की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. एक आधीच सांगून ठेवते, कमांड नेहमीप्रमाणे देवनागरीत छापतोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या, मागे एकांनी खरंच मराठी कीबोर्ड लावून टाइप केल्या होत्या आणि मग मलाच झापलं होतं.

प्रश्न : ताई, मी कराडजवळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. लॅबमधल्या जुन्या पीसीवर उबुंटू सर्व्हर २२.०४ टाकलाय, मुलांच्या फायली ठेवायला. त्याला 'आयपी ॲड्र ॲड' कमांडने १९२.१६८.१.१० हा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता दिला, चालला, मी खूश. सोमवारी येऊन बघतो तर मधे लाइट जाऊन आलेली, मशीन परत चालू झालेलं आणि माझा आयपी गायब. परत दिला, परत लाइट, परत तेच. दर सोमवारी हेच करायचं का?

उत्तर : सर, तुम्ही शिक्षक आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. कमांडने दिलेला आयपी म्हणजे फळ्यावर खडूने लिहिलेलं. वर्गातल्या सगळ्यांना लगेच दिसतं, पण रीबूट म्हणजे डस्टर. कमांड थेट कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला सांगते की या इंटरफेसवर (नेटवर्क कार्डावर) हा पत्ता लाव, कर्नल लावतो, आणि ते सगळं मेमरीत असतं, डिस्कवर एक अक्षर लिहिलं जात नाही. मशीन उठताना कोणीतरी वही उघडून फळ्यावर परत उतरवायला लागतं, आणि तुम्ही वहीत काही लिहिलेलंच नाहीये.

आता लिनक्सची गंमत अशी की वही एक नाही आणि उतरवणारा कारभारीही एक नाही. डेबियनमध्ये वर्षानुवर्षं /इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस ही फाईल, तिच्यात ऑटो, आयफेस असल्या ओळी आणि वाचणारा इफअप. रेड हॅटकडे वेगळंच, तिथे आयएफसीएफजी नावाच्या फायली असायच्या, मग सगळं नेटवर्क मॅनेजरकडे गेलं आणि आवृत्ती ९ पासून तर फायलींची जागा आणि ढाचा दोन्ही बदलले. उबुंटूने १७.१० पासून नेटप्लॅन आणला, जो स्वतः काही कामच करत नाही, तो फक्त तुमची वाय-ए-एम-एल फाईल वाचतो आणि खाली नेटवर्कडी किंवा नेटवर्क मॅनेजर यांच्यापैकी जो असेल त्याच्या भाषेत लिहून देतो, सर्व्हरवर नेटवर्कडी, डेस्कटॉपवर नेटवर्क मॅनेजर. त्यामुळे यूट्यूबवर बघून काही करायच्या आधी पहिला प्रश्न हा विचारायचा की माझ्या मशीनवर या इंटरफेसचा कारभारी कोण? 'नेटवर्कसीटीएल' टाइप करा, तुमच्या कार्डापुढे कॉन्फिगर्ड असं आलं तर नेटवर्कडी, अनमॅनेज्ड आलं तर दुसरं कोणीतरी. नेटवर्क मॅनेजर असेल तर 'एनएमसीएलआय डिव्हाइस' हीच माहिती त्याच्या बाजूने देतो. दोन कारभारी एकाच कार्डावर बसले तर आयपी कधी याचा कधी त्याचा, आणि तो गोंधळ शोधायला अख्खा दिवस जातो.

तुमच्या केसमध्ये /इटीसी/नेटप्लॅन फोल्डर उघडा, त्यात ००-इन्स्टॉलर-कॉन्फिग किंवा ५०-क्लाउड-इनिट अशा नावाची एक फाईल असेल. ५०-क्लाउड-इनिट असेल तर तिच्यात थेट बदल करू नका, कारण ती क्लाउड-इनिट नावाच्या प्रोग्रॅमने बनवलेली असते आणि तो ती परत लिहून काढू शकतो, तसा इशारा बऱ्याचदा फाईलच्या डोक्यावरच असतो पण डोक्यावरचं वाचतं कोण. क्लाउड-इनिटला नेटवर्कमध्ये पडू नकोस असं सांगणारी एक ओळ कुठे टाकायची तेही तिथेच दिलेलं असतं, ती टाका, मग ती फाईल बाजूला काढून ठेवा आणि स्वतःची वेगळी लिहा. डीएचसीपी४ नो (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं बंद), ॲड्रेसेसखाली १९२.१६८.१.१०/२४ (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेले सगळे शेजारी), मग राउट्समध्ये डिफॉल्ट आणि त्याच्या व्हायामध्ये राउटरचा पत्ता, मग नेमसर्व्हर्स. जुन्या लेखांत राउटरच्या पत्त्यासाठी गेटवे४ दिसेल, ते आता जुनं झालं, वॉर्निंग येते. आणि वाय-ए-एम-एलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या, त्याही एका रांगेत, एक स्पेस इकडेतिकडे झाली की नेटप्लॅन रुसतो.

फाईल झाली की 'नेटप्लॅन अप्लाय' नका मारू, 'नेटप्लॅन ट्राय' मारा. हा नवीन सेटिंग लावतो आणि १२० सेकंद थांबतो, तेवढ्यात तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही तर जुनं सेटिंग परत आणतो. मशीन तुमच्या समोर असेल तर काही वाटणार नाही, पण लांबून एसएसएचने बसला असाल तर या दोन मिनिटांची किंमत मला विचारा. माझं काय झालं होतं, एका कंपनीचा सर्व्हर चाकणला, मी घरी कोथरूडला, रात्रीचे अकरा, गेटवे बदलायचा होता, म्हटलं इंटरफेस डाउन करते आणि अप करते. डाउन केला. संपलं. ज्या फांदीवर बसले होते तीच तोडली, अपची कमांड टाइप करायला कनेक्शनच उरलं नाही. रात्री स्कूटर काढून गेले, वॉचमनला अर्धा तास पटवलं, आणि आत जाऊन एकच कमांड टाइप करून परत आले. तेव्हापासून जिथे नेटप्लॅन नाही तिथे मी आधी 'शटडाउन -आर +१०' लावून ठेवते, म्हणजे दहा मिनिटांनी मशीन आपोआप रीबूट होईल आणि फळा पुसून वहीतलं जुनं सेटिंग परत येईल, सगळं नीट झालं तर 'शटडाउन -सी' करून रद्द करायचं. फक्त तोवर वहीला हात लावायचा नाही, आधी फळ्यावर करून बघायचं, चाललं की मग वहीत. बघा, जी गोष्ट तुम्हाला दर सोमवारी छळतेय तीच मला रात्रीच्या फेरीतून वाचवते.

अजून एक, १९२.१६८.१.१० हा पत्ता राउटर दुसऱ्या कोणाला वाटत नाहीये ना ते बघा. राउटरच्या पानावर डीएचसीपीची रेंज असते, समजा १०० ते २०० असेल तर तुमचा १० बाहेर आहे, बरं आहे. रेंज २ पासून सुरू होत असेल तर एक दिवस एखाद्या मुलाच्या लॅपटॉपला तोच पत्ता मिळेल आणि दोघंही अडखळत चालतील. खरं सांगू का, शाळेच्या लॅबसाठी मी तर हा सगळा खटाटोप न करता राउटरमध्येच रिझर्व्हेशन केलं असतं, म्हणजे या मॅक ॲड्रेसला (कार्डाच्या स्वतःच्या नंबरला) कायम हाच आयपी, आणि सर्व्हर आपला डीएचसीपीवर निवांत. राउटर बदलला की ते परत करावं लागेल एवढाच तोटा, ते तेवढं कागदावर लिहून राउटरला चिकटवून ठेवा.

प्रश्न : आमच्या सिलॅबसमध्ये आयएफकॉन्फिग ही इंटरफेस बघायची कमांड आहे, पुस्तकात आहे, ओरलला पण विचारतात. पण लॅपटॉपवर टाइप केलं की कमांड नॉट फाउंड येतं. सिस्टीम खराब आहे का? — इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, संभाजीनगर

उत्तर : सिस्टीम ठणठणीत आहे, सिलॅबस म्हातारा झालाय. आयएफकॉन्फिग १९८३ सालच्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर आलं, म्हणजे तुझ्या आईबाबांच्या शाळेच्या काळातलं. लिनक्समध्ये ते नेट-टूल्स नावाच्या पॅकेजमधून यायचं. कर्नल २.२ च्या सुमारास, म्हणजे १९९९ च्या आसपास, अलेक्सी कुझनेत्सोव यांनी आयपीराउट२ लिहिलं, त्यातली कमांड नुसती 'आयपी'. नंतर बरीच वर्षं दोन्ही शेजारी शेजारी नांदले आणि मग एकेकाने नेट-टूल्स आपोआप टाकणं बंद केलं, डेबियनने २०१७ मध्ये आवृत्ती ९ पासून.

तू एका ओळीत नेट-टूल्स टाकू शकतेस, ओरलपुरतं टाकही. पण रोजच्या कामाला नको, कारण ते कधी कधी अर्धंच सांगतं. एका कार्डावर एकाहून जास्त पत्ते असू शकतात, 'आयपी'ने लावलेला दुसरा पत्ता आयएफकॉन्फिगमध्ये दिसतच नाही, आणि तू बसतेस विचार करत की हा पिंगला, म्हणजे 'आहेस का' या हाकेला, उत्तर देतोय कोण. 'आयपी -बीआर ए' मारून बघ, सगळे इंटरफेस एकेका ओळीत, नाव, अप की डाउन, पत्ते, एकदा बघितलंस की परत जावंसं वाटणार नाही. राउटसाठी 'आयपी राउट', एआरपीसाठी (कुठल्या आयपीचा मॅक कुठला ते) 'आयपी नेबर', चालू कनेक्शन दाखवणाऱ्या नेटस्टॅटच्या जागी 'एसएस'.

एक खड्डा मात्र लक्षात ठेव, यात मीही पडलेय. आयएफकॉन्फिगला नुसतं १९२.१६८.१.१० दिलं तर ते जुन्या क्लासच्या हिशोबाने मास्क स्वतः धरतं, २५५.२५५.२५५.०. 'आयपी'ला मास्क दिला नाहीस तर ते धरतं /३२, म्हणजे या जगात मी एकटाच, शेजारी कोणी नाही. पत्ता लागलेला दिसतो, इंटरफेस अप दिसतो आणि शेजारच्या पीसीला पिंग जात नाही. म्हणून /२४ लिहायला विसरायचं नाही. आणि ओरलला कोणी म्हणालं की आयएफकॉन्फिग मेलं, तर सांग की फक्त लिनक्सवर म्हातारं झालंय, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि मॅकवर तीच कमांड आजही आहे, बीएसडीवाल्यांनी तर वायफायपासून ब्रिजपर्यंत सगळं तिच्यातच घातलंय.

प्रश्न : रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी द्यायला डीएचसीपीसीडी डॉट कॉन्फमध्ये चार ओळी टाकल्या, तीन वेगवेगळ्या व्हिडिओत तेच सांगितलंय. काहीच होत नाही. एरर पण नाही. पाय नवीन आहे. शेतातल्या पंपासाठी वापरायचाय. — इस्लामपूर

उत्तर : तिन्ही व्हिडिओ जुने. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुकवर्मवरची रास्पबेरी पाय ओएस आली आणि कारभारी बदलला, डीएचसीपीसीडी जाऊन नेटवर्क मॅनेजर आला. तुम्ही रिटायर झालेल्या तलाठ्याकडे अर्ज नेऊन दिलात, त्याने घेतला, ठेवला, पुढे काय होणार. म्हणूनच एरर नाही, ती फाईल कोणी वाचतच नाहीये.

'एनएमटीयूआय' टाइप करा, निळ्या पडद्यावर मेनू येतो, एडिट कनेक्शन, आयपीव्ही४ मॅन्युअल, पत्ता /२४ सकट, गेटवे, डीएनएस, ओके. बाहेर येऊन ते कनेक्शन एकदा बंद-चालू करा, नुसतं सेव्ह केल्याने लागत नाही, ही फळा आणि वहीची उलटी बाजू झाली, वहीत लिहिलंय पण फळ्यावर अजून जुनंच आहे. कमांडने करायचं असेल तर आधी 'एनएमसीएलआय कॉन शो' करून कनेक्शनचं नाव बघा, बहुतेक वायर्ड कनेक्शन १ असेल, नावात स्पेस आहे म्हणून अवतरणात लिहायचं. आणि पत्ता दिलात तरी आयपीव्ही४ डॉट मेथड मॅन्युअल केली नाहीत तर डीएचसीपी तसंच चालू राहतं, दोन-दोन पत्ते लागतात.

पंपासाठी म्हणताय, म्हणजे पाय वायफायवर असणार, घर ते विहीर अंतर किती आहे ते लिहिलं नाहीत. आधी सिग्नल बघा हो, आयपीचं नंतर.

प्रश्न : नेटवर्क कार्डाच्या इथ० या नावात काय वाईट होतं? चार अक्षरं, सगळ्यांना माहीत. आता ईएनपी३एस०, ईएनएस३३, एकदा तर ईएनएक्स आणि पुढे बारा अक्षरं. हे कोणाच्या डोक्यातून आलं आणि का?

उत्तर : तुमचा राग कळतो, पण इथ० फार गुणी बाळ नव्हतं. ज्या मशीनमध्ये दोन कार्डं असायची तिथे कर्नलला जे आधी सापडेल ते इथ०, दुसरं इथ१. कधी एका ड्रायव्हरने आधी डोळे उघडले, कधी दुसऱ्याने. आता विचार करा की ती मशीन फायरवॉल आहे, इथ० म्हणजे ऑफिस आणि इथ१ म्हणजे इंटरनेट असे नियम लिहिलेत आणि रीबूटनंतर दोघांनी नावं बदलून घेतली. मग मॅक ॲड्रेस फाईलमध्ये लिहून नाव पक्कं करायची पद्धत आली, तिचा त्रास व्हर्च्युअल मशीनवाल्यांना विचारा, क्लोन केलं की मॅक नवा, म्हणून इथ० जुन्याच्या नावावर राखीव आणि क्लोनला इथ१, आणि कॉन्फिग अजून इथ०चंच.

मग सिस्टमडीने (लिनक्स चालू करून सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) जानेवारी २०१३ मध्ये, आवृत्ती १९७ मध्ये, नाव कार्डाच्या जागेवरून द्यायचं ठरवलं. ईएन म्हणजे इथरनेट, डब्ल्यूएल म्हणजे वायफाय. पी३ म्हणजे पीसीआय बस ३, एस० म्हणजे तिथला स्लॉट ०. ईएनओ१ असेल तर बोर्डावरचंच कार्ड, आणि ईएनएक्सपुढची बारा अक्षरं म्हणजे अख्खा मॅक ॲड्रेस, यूएसबी कार्डाला बहुधा हेच मिळतं. गावात कसं, माणसाचं नाव माहीत नसेल तर पाराजवळचं तिसरं घर असं सांगतात, तसं हे.

पण तुमच्या बाजूनेही एक मुद्दा देते, जो या नावांचे वकील हळू आवाजात सांगतात. मधल्या स्लॉटमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क घातली की काही बोर्डांवर पुढच्या बसचे नंबर सरकतात, ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं आणि डिस्क घालायला गेलेला माणूस नेटवर्क शोधत बसतो. म्हणजे पाराजवळ मधे एक घर नवीन बांधलं. ज्या मशीनवर एकच कार्ड आहे तिथे हा उपद्व्याप कशाला असं मलाही वाटतं. कर्नलला बूट करताना नेट डॉट इफनेम्स = ० दिलं की जुनी नावं परत येतात. दोन कार्डं असतील तर ते नको, त्यापेक्षा /इटीसी/सिस्टमडी/नेटवर्कमध्ये एक डॉट लिंक फाईल टाकून मॅकवरून स्वतःचं नाव द्या, ऑफिस०, बाहेर०, काय आवडेल ते, पंधरा अक्षरांच्या आत आणि इंग्रजी लिपीत.

प्रश्न : फोंड्याहून लिहितोय. आमच्या छोट्या ऑफिसात ओपनबीएसडीची फायरवॉल आठ वर्षं बिनतक्रार. पावसात वीज पडली आणि एक नेटवर्क कार्ड गेलं, जे मिळालं ते घातलं, तर सगळं बंद. सेटिंगला हात लावलेला नाही.

उत्तर : हात लावला नाहीत म्हणूनच. बीएसडीमध्ये इंटरफेसचं नाव ड्रायव्हरवरून पडतं. जुनं कार्ड इंटेलचं असेल, ईएम०, नवीन बहुतेक रिअलटेकचं, म्हणजे आरई०. ओपनबीएसडीची वही म्हणजे /इटीसी/होस्टनेम डॉट आणि पुढे इंटरफेसचं नाव, तुमच्याकडे होस्टनेम डॉट ईएम० आहे आणि ईएम० आता मशीनमध्येच नाही. नुसतं आयएफकॉन्फिग मारून नवीन नाव बघा, फाईलचं नाव बदला, 'एसएच /इटीसी/नेटस्टार्ट आरई०' चालवा. गेटवे मायगेट फाईलमध्ये असतो, तो तसाच राहू द्या.

मग पीएफ डॉट कॉन्फ ही फायरवॉलच्या नियमांची फाईल उघडा, तिथेही ईएम० लिहिलेलं असणार. इंटरनेटच्या बाजूचं कार्ड असेल तर तिथे नावाऐवजी ईग्रेस लिहा, ज्या इंटरफेसवर डिफॉल्ट राउट आहे तो ओपनबीएसडी स्वतःच ईग्रेस गटात धरतो, पुढच्या पावसात अजून एक कार्ड गेलं तरी निदान पीएफच्या फाईलला हात लावायला नको. फ्रीबीएसडी असतं तर आरसी डॉट कॉन्फमध्येच कार्डाला लॅन०सारखं नाव देता आलं असतं. आणि अर्थिंग तपासून घ्या, ते मात्र कुठल्याच फाईलमध्ये लिहून होत नाही.

प्रश्न : कार्ड गिगाबिट, स्विच गिगाबिट, तरी 'इथटूल' स्पीड १०० दाखवतो. हाताने १००० सेट केला तर लिंकच जाते. ड्रायव्हर बदलू का?

उत्तर : ड्रायव्हर नको, केबल बदला. शंभरच्या स्पीडला वायरच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली, नीट क्रिंप झाली नाही किंवा उंदराने चाखली, की कार्ड आणि स्विच आपसात बोलून १०० वर तडजोड करतात, आणि तुम्ही जबरदस्ती केली की तीही मोडते. सेटिंग परत ऑटो-निगोशिएशनवर टाका, ते बंद ठेवून तांब्याच्या वायरवर गिगाबिट चालतच नाही. शेजारच्या टेबलावरची चालू केबल पाच मिनिटं उसनी घेऊन लावा, १००० दाखवलं की कारण सापडलं, मग केबल ज्याची त्याला परत करा.